वैमानिकाचे शिक्षण : खर्चाचे टप्पे आणि कर्जाचे नियोजन

रायपूरच्या माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावर २०१२ साली नवी इमारत उभी राहिली आणि गेल्या काही वर्षांत छत्तीसगडचा हवाई नकाशाही विस्तारला. जगदलपूर, बिलासपूर आणि त्यापाठोपाठ अंबिकापूर ही शहरे विमानसेवेने जोडली गेली. एके काळी विमान म्हणजे मुंबई-दिल्लीच्या मंडळींची चैन, असे समजणाऱ्या घरांतही आता बारावीतील मुलगा किंवा मुलगी ‘मला वैमानिक व्हायचे आहे’ असे सांगू लागली आहे. रायपूरचे तात्यापारा, चौबे कॉलनी असो वा भिलाईची पोलाद वसाहत, येथील मराठी कुटुंबांत नोकरदारांचे प्रमाण मोठे आहे. भविष्य निर्वाह निधी, थोड्या ठेवी आणि राहते घर एवढीच सर्वसाधारणपणे त्यांची शिल्लक असते. अशा कुटुंबासाठी मुलाच्या या इच्छेचा अर्थ आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय असा होतो.

हा निर्णय उत्साहाच्या भरात घेणे जितके धोक्याचे, तितकेच तो केवळ भीतीपोटी टाळणेही अन्यायाचे आहे. मराठी माणसाला हे क्षेत्र परके नाही. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या ज्या विमानाचे संपूर्ण उड्डाण प्रथमच केवळ महिला वैमानिकांनी केले, त्याच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या. तेव्हा प्रश्न क्षमतेचा नसून हिशेबाचा आहे. हा हिशेब एका रकमेत मांडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने मांडला, तर पुष्कळ चुका टळतात. प्रत्येक टप्प्यानंतर पुढे जायचे की थांबायचे, हे ठरविण्याची मोकळीक कुटुंबाकडे राहणे हे या नियोजनाचे सूत्र होय.

पहिला टप्पा : वैद्यकीय तपासणी

सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत निर्णायक पायरी वैद्यकीय तपासणीची आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, यांनी मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून आधी दुसऱ्या वर्गाची तपासणी होते. व्यावसायिक परवान्यासाठी त्याहून कडक अशी पहिल्या वर्गाची तपासणी आवश्यक असते. चष्मा आहे म्हणून उमेदवार अपात्र ठरत नाही; चष्म्याने दृष्टी विहित मर्यादेपर्यंत सुधारली पाहिजे. मात्र रंग ओळखण्यातील दोष, श्रवणदोष किंवा हृदयाच्या आलेखातील काही विकृती मार्ग बंद करू शकतात.

काही हजार रुपयांत होणाऱ्या या तपासण्या पूर्ण होण्याआधीच प्रशिक्षण संस्थेत लाखो रुपयांचा पहिला हप्ता भरला जातो, असे अनेकदा घडते. क्रम नेमका उलटा असावा. पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र हाती आल्यानंतरच शुल्काचा विचार करावा. तरुण वैमानिकाला ही तपासणी दरवर्षी द्यावी लागते. नोकरी असेपर्यंत प्रकृती हेच त्याचे भांडवल असते, ही गोष्टही कुटुंबाने या वेळीच समजून घ्यावी.

दुसरा टप्पा : परीक्षा

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित असण्याची अट दीर्घकाळ लागू आहे. वाणिज्य किंवा कला शाखेचे विद्यार्थी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे दोन विषय उत्तीर्ण होऊन पात्रता मिळवीत आले आहेत. ही अट शिथिल करण्याचा विचार २०२५ साली पुढे आला. तरीही प्रवेशाच्या दिवशी जो नियम लागू असेल तोच प्रमाण मानावा.

हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षांत किमान ७० टक्के गुण आवश्यक असतात. त्याशिवाय रेडिओ दूरध्वनी चालविण्याची परीक्षा वेगळी असते. या परीक्षांची तयारी रायपुरात घरी राहूनही करता येते. उड्डाणाचे महागडे तास सुरू होण्यापूर्वी निदान दोन-तीन विषय उत्तीर्ण झाले, तर दोन लाभ होतात. संस्थेच्या वसतिगृहात केवळ अभ्यासासाठी काढावे लागणारे महिने वाचतात. शिवाय मुलाची चिकाटी किती आहे, याची खात्री थोड्या पैशांत होते. या परीक्षा पुन्हा पुन्हा देऊनही सुटत नसतील, तर कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी कुटुंबाने थोडे थांबणे शहाणपणाचे.

तिसरा टप्पा : दोनशे तासांची किंमत

परवान्यासाठी एकूण २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन करावयाचे असतात. लांब पल्ल्याची उड्डाणे, केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण आणि रात्रीचे उड्डाण यांचे तासही ठरलेले आहेत. त्यामुळे खर्चाचा सर्वांत मोठा भाग या दोनशे तासांत सामावलेला असतो.

संस्थेच्या माहितीपत्रकात दिलेला आकडा बहुधा या तासांचाच असतो. उत्तर प्रदेशातील फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचे शुल्क अलीकडच्या वर्षांत सुमारे ४५ लाख रुपये राहिले आहे. खासगी संस्थांचे आकडे याच्या अल्याडपल्याड असतात. परंतु कुटुंबाच्या वहीत याशिवाय पुढील बाबी लिहिल्या गेल्या पाहिजेत :

• निवास, भोजन, गणवेश, पुस्तके, नकाशे आणि हेडफोन;
• परीक्षा, वैद्यकीय तपासण्या व परवान्याची सरकारी शुल्के;
• दोन इंजिनांच्या विमानावरील तास शुल्कात धरले आहेत की वेगळे आहेत;
• चाचणीत अपयश आल्यास लागणारे जादा तास;
• प्रशिक्षण लांबल्यास वाढणारा राहण्याचा खर्च.

यांतील शेवटच्या दोन बाबी सर्वांत फसव्या आहेत. एका तासाचा दर १५,००० रुपये मानला, तर २०० तासांचे ३० लाख होतात. केवळ १५ तास जादा लागले, तरी सव्वादोन लाख रुपये वाढतात. विलंबाचे कारण दरवेळी विद्यार्थी नसतो. विमान दुरुस्तीला गेलेले असते, प्रशिक्षक अपुरे असतात किंवा पावसाळ्यात ढग खाली उतरलेले असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत छोट्या विमानांच्या उड्डाणाचे कितीतरी दिवस वाया जातात. अठरा महिन्यांचा म्हणून सांगितलेला अभ्यासक्रम अडीच-तीन वर्षांवर गेल्याची उदाहरणे या क्षेत्रात नवी नाहीत.

शुल्काच्या बाबतीत एक दिलासाही आहे. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना वस्तू व सेवा कर लागू नाही, हे सप्टेंबर २०२४ मधील परिषदेच्या ५४ व्या बैठकीनंतर स्पष्ट झाले. शुल्कपत्रकात हा कर लावलेला दिसल्यास पालकांनी त्याचा खुलासा अवश्य मागावा.

संस्था निवडताना

रायपूरकरांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे मोठे केंद्र गोंदियाचे आहे. दुर्ग, राजनांदगाव आणि डोंगरगड ओलांडून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर हे शहर येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील बिरसी येथे धावपट्टी बांधली गेली. २००८ साली भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून तेथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. महाराष्ट्रात धुळे, शिरपूर, बारामती ही नावेही या शिक्षणासाठी परिचित आहेत. विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पहिल्या पाच विमानतळांत जळगावचा समावेश होता. फुरसतगंजच्या अकादमीत प्रवेश परीक्षा, मुलाखत व योग्यता चाचणीतून निवड होते आणि तेथे आरक्षित जागाही आहेत.

जवळची संस्था सोयीची असली, तरी केवळ अंतरावरून निवड करू नये. डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी वर्षातून दोनदा जाहीर करण्यास प्रारंभ केला आहे. ती प्रथम पाहावी. त्यानंतर प्रत्यक्ष भेट देऊन काही प्रश्न विचारावेत. आज उडण्यायोग्य स्थितीत किती विमाने आहेत आणि एका विमानामागे किती विद्यार्थी आहेत? गेल्या तुकडीला २०० तास पूर्ण करण्यास प्रत्यक्षात किती महिने लागले? मध्येच सोडावे लागल्यास किती रक्कम परत मिळते? या उत्तरांची नोंद करून ती लेखी मागावी आणि शिकत असलेल्या दोन-चार विद्यार्थ्यांशी कार्यालयाबाहेर बोलावे.

सुरक्षिततेचा प्रश्न विचारण्यास पालक संकोचतात. तो संकोच अनाठायी आहे. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळून प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी तरुणी यांचा मृत्यू झाला. ज्या शिक्षणात जीव पणाला लागतो, तेथे विमानांची देखभाल कोण करते आणि प्रशिक्षकांचा अनुभव किती, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

शुल्क एकरकमी भरण्याच्या बदल्यात सवलत देऊ केली जाते. ही सवलत बहुधा महाग पडते. पूर्ण झालेल्या तासांच्या प्रमाणात हप्ते द्यावेत. संस्था बंद पडली किंवा बदलावी लागली, तर नुकसान मर्यादित राहते.

परदेशाचा पर्याय

अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका येथे उड्डाणाचे तास लवकर पूर्ण होतात, हे खरे आहे. तेथून परतल्यावर मात्र डीजीसीएच्या परीक्षा, रेडिओ परवाना, भारतीय वैद्यकीय प्रमाणपत्र आणि उड्डाण चाचण्या यांची पूर्तता करून परवान्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करावे लागते. त्याला लागणारे महिने व पैसा आधीच धरावा.

चलनाचा धोका याहून मोठा आहे. २०१० साली डॉलर सुमारे ४६ रुपयांना मिळत होता. २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्याने ९० रुपयांची मर्यादा ओलांडली. म्हणजे ५० हजार डॉलरचे जे शिक्षण तेव्हा सुमारे २३ लाखांत झाले असते, त्याच डॉलरना ९० रुपयांच्या दराने ४५ लाख मोजावे लागतात. मुलगा तेथे शिकत असताना रुपया घसरला, तर फरक कोठून भरावयाचा, याचे उत्तर निघण्यापूर्वी तयार असावे.

चौथा टप्पा : परवान्यानंतरचे दार

परवाना हाती आला म्हणजे शिक्षण संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक त्या परवान्यावर प्रवासी विमान लगेच चालविता येत नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, ज्याला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात, ते पूर्ण करावे लागते. त्यासाठी साधारणतः १५ ते २० लाख रुपयांची तरतूद धरणे व्यवहार्य ठरते. काही कंपन्या निवडीनंतर हे प्रशिक्षण स्वतः देतात व बदल्यात सेवेचा करार करून घेतात. काही ठिकाणी उमेदवाराला ते स्वखर्चाने करावे लागते. कंपन्यांच्या स्वतःच्या छात्र योजनांत प्रारंभापासून टाइप रेटिंगपर्यंतचे शिक्षण एकत्र दिले जाते, परंतु त्यांचा एकूण खर्च कोटी रुपयांच्या घरात जातो.

पैशाच्या नियोजनात नेमकी येथेच मोठी चूक होते. सर्व तारण व बचत परवाना मिळविण्यात खर्च होते आणि शेवटच्या पायरीसाठी हाती काही उरत नाही. मग परवानाधारक तरुण घरी बसतो, उड्डाणाचा सराव तुटतो आणि पात्रता चालू ठेवण्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागतात. म्हणून टाइप रेटिंगची रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी. ती उभी राहणार नसेल, तर एकूण योजनाच पुन्हा तपासावी.

नोकरीच्या बाजारातील चढउतार हाही याच हिशेबाचा भाग आहे. २००५ ते २००७ या तेजीच्या काळात वैमानिकांचा तुटवडा होता. २००८-०९ च्या मंदीत नव्या परवानाधारकांना दार बंद झाले. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. २०२० च्या कोरोनाकाळात जगभरची विमाने जमिनीवर उभी होती. याउलट २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. त्याच वर्षी डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. २०२४ मध्ये ही संख्या १,३४२ होती. विमाने येणार आहेत, तसेच स्पर्धकही येणार आहेत. आज प्रवेश घेणारा विद्यार्थी तीन वर्षांनी बाजारात उतरेल, तेव्हा तेजी असेल की मंदी, हे कोणत्याही माहितीपत्रकावरून कळत नाही. त्यामुळे परवाना व पहिला पगार यांच्यामध्ये एक ते दोन वर्षे जातील, असे धरूनच तरतूद करावी.

कर्जाचे गणित

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीएची मान्यता असलेल्या वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश आहे. साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला सामान्यतः तारणाची आवश्यकता नसते. त्यापुढील रकमेसाठी स्थावर मालमत्ता, ठेवी यांसारखे तारण द्यावे लागते. चार लाखांवरील कर्जात देशांतर्गत शिक्षणासाठी ५ टक्के आणि परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के रक्कम कर्जदाराने स्वतः घालावयाची असते. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेडीला स्थगिती मिळते. त्यापुढे १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. कर्जाची रक्कम थेट संस्थेला व टप्प्याटप्प्याने दिली जाते, हा कर्जदाराच्या हिताचा भाग आहे.

एक उदाहरण पाहू. कर्ज ४० लाख, व्याजदर १० टक्के, स्थगितीचा काळ तीन वर्षे. सोयीसाठी संपूर्ण रक्कम पहिल्या दिवशी उचलली असे मानल्यास तीन वर्षांचे सरळव्याज १२ लाख होते आणि परतफेड ५२ लाखांवर सुरू होते. (प्रत्यक्षात कर्ज हप्त्याहप्त्याने उचलले जात असल्याने हे व्याज काहीसे कमी भरते.)

• १५ वर्षांची मुदत : मासिक हप्ता सुमारे ५५,९०० रुपये, एकूण परतफेड सुमारे १ कोटी ६० हजार रुपये.
• १० वर्षांची मुदत : मासिक हप्ता सुमारे ६८,७०० रुपये, एकूण परतफेड सुमारे ८२ लाख ४६ हजार रुपये.
• स्थगितीच्या काळात दरमहा सुमारे ३३,३०० रुपये व्याज भरत राहिल्यास : त्यानंतर १५ वर्षांचा हप्ता सुमारे ४३,००० रुपये, आधी भरलेल्या व्याजासह एकूण सुमारे ८९ लाख ३७ हजार रुपये.

पहिल्या आणि तिसऱ्या मार्गातील फरक ११ लाखांहून अधिक आहे. कमावत्या आईवडिलांना शिक्षणाच्या काळात व्याज भरणे शक्य असेल, तर ते अवश्य भरावे. जुन्या करप्रणालीची निवड करणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळत आली आहे. नव्या प्रणालीत ती मिळत नाही. कोणती प्रणाली फायद्याची, हे कर सल्लागाराकडून तपासून घ्यावे.

या आकड्यांसमोर एकच प्रश्न स्वतःला विचारावा : स्थगितीचा काळ संपला आणि नोकरी लागलेली नसली, तर पहिले बारा हप्ते कोणाच्या उत्पन्नातून जातील? वडिलांच्या सेवानिवृत्तीला तीन-चार वर्षेच उरली असतील, तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. राहते घर तारण ठेवताना घरातील इतर भावंडांचे शिक्षण आणि म्हातारपणीची सोय यांचा विचार सर्वांनी एकत्र बसून करावा. निवृत्तीचा संपूर्ण निधी या शिक्षणात घालणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नव्हे. कर्जदार विद्यार्थ्याचा आयुर्विमा घ्यावाच. नोकरी लागल्यानंतर वैद्यकीय कारणाने परवाना गेल्यास भरपाई देणाऱ्या विम्याचीही चौकशी करावी.

पदवीचे स्थान

परवान्यासाठी पदवीची अट नाही, म्हणून पुष्कळ विद्यार्थी बारावीनंतर पदवीचा विचार सोडून देतात. आर्थिक दृष्टीने हा निर्णय घाईचा ठरतो. मंदी आली किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र गेले, तर बारावी उत्तीर्ण असलेल्या पंचविशीतील कर्जदार तरुणाला दुसरी नोकरी मिळणे अवघड होते. पदवीच्या शुल्काची रक्कम उड्डाण प्रशिक्षणाच्या तुलनेत नगण्य आहे. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या महाविद्यालयांत नियमित शिकून किंवा बिलासपूरच्या पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठातून, अथवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून घरबसल्या पदवी पूर्ण करता येते. काही उड्डाण संस्था प्रशिक्षणासोबत विमानशास्त्राच्या पदवीची सोय करतात.

आकाशाकडे जाणारी एक वाट अशीही आहे, जिच्यासाठी कर्ज लागत नाही. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी किंवा पदवीनंतर वायुदलाची प्रवेश परीक्षा यांतून निवड झालेल्या वैमानिकाचे प्रशिक्षण शासकीय खर्चाने होते. प्रबोधिनीची दारे २०२२ पासून मुलींनाही खुली झाली आहेत. छत्तीसगडमध्ये अंबिकापूर येथे सैनिकी शाळा आहे आणि महाविद्यालयांतून राष्ट्रीय छात्र सेनेचा अनुभवही मिळतो. ही सेवा म्हणजे दीर्घ मुदतीची राष्ट्रसेवा होय. केवळ फुकट प्रशिक्षण म्हणून तिच्याकडे पाहू नये. परंतु ज्याला खरोखर त्या जीवनाची ओढ आहे, त्याने हा प्रयत्न आधी करावा.

निर्णयापूर्वी

सर्व टप्प्यांची बेरीज केली, तर आज देशात वैमानिक होण्यासाठी साधारणतः ६५ ते ७५ लाख रुपयांची तयारी लागते आणि पहिल्या पगारापर्यंत चार-पाच वर्षांचा काळ हाताशी धरावा लागतो. ज्या कुटुंबाला हा भार घर व निवृत्ती सांभाळून पेलता येतो, त्याने मुलाच्या इच्छेला निःशंक पाठबळ द्यावे. ज्याला तो आज पेलत नाही, त्याने नकार देण्याची गरज नाही. आधी पदवी, सोबत वैद्यकीय तपासणी व लेखी परीक्षा आणि त्या दोन-तीन वर्षांत बचत, असा क्रम लावता येतो. एकविसाव्या वर्षी प्रशिक्षण सुरू करणारा विद्यार्थीही पंचविशीत वैमानिकाच्या आसनावर बसू शकतो.

शाखेत कर्जाची चौकशी करावयास येताना संस्थेचे मान्यतापत्र, टप्प्यानुसार शुल्कपत्रक, पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि टाइप रेटिंगसाठी वेगळ्या ठेवलेल्या रकमेचा तपशील सोबत आणावा. ही चार कागदपत्रे पूर्ण असतील, तर निम्मा हिशेब झालेलाच असतो.